फायबर तुटले की बॅकअपही बसायचा: सांगली–कवठेमहांकाळ ओएसपीएफचे एक प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीचे कार्यालय, कुपवाड एमआयडीसीत गोदाम, तासगाव आणि कवठेमहांकाळला बेदाण्याची शीतगृहे. अशा चार ठिकाणी पसरलेल्या एका पेढीचे हे प्रकरण. स्टॉकच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर सांगलीत आहे. शीतगृहावर गाडी आली की काट्यावरचे वजन आणि लॉट नंबर तिथून थेट सर्व्हरवर जातो. सांगलीत सौदा झाला की त्या लॉटचा गेट पास शीतगृहातल्या प्रिंटरवर निघतो. लाइन बंद पडली की गेट पास अडतो आणि भरायला आलेली गाडी दारात उभी राहते.

प्रत्येक शाखेतून सांगलीपर्यंत स्थानिक ऑपरेटरचे १०० एमबीपीएसचे पॉइंट-टू-पॉइंट फायबर आहे. बॅकअपला दुसऱ्या कंपनीचे स्टॅटिक आयपीचे ब्रॉडबँड आणि त्यावर सांगलीपर्यंत आयपीसेकने झाकलेला (एन्क्रिप्ट केलेला) जीआरई टनेल, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली खासगी वाट. चारही राउटर सिस्को आयओएसचे. रूटिंग सगळे स्टॅटिक होते: फायबरकडचा रूट डिस्टन्स १ चा, टनेलकडचा २५० (डिस्टन्स कमी तो रूट आधी). म्हणजे फायबर गेले की पहिला रूट टेबलातून निघावा आणि दुसरा आपोआप वर यावा.

तो वर आला नाही. रस्त्याच्या कामात फायबर तुटले आणि कवठेमहांकाळचे शीतगृह दिवसभर बंद राहिले. ब्रॉडबँड त्या वेळी व्यवस्थित चालू होते.

कारण साधे आहे आणि आपल्याकडे गावोगावी सापडते. ऑपरेटरचे फायबर राउटरमध्ये थेट येत नाही, मीडिया कन्व्हर्टरमध्ये येते आणि तिथून तांब्याच्या केबलने राउटरला जोडलेले असते. फायबर तुटले तरी कन्व्हर्टर आणि राउटर यांच्यातली हातभर केबल शाबूत असते. राउटरला इंटरफेस 'अप' दिसतो, म्हणून स्टॅटिक रूट टेबलात तसाच राहतो आणि सगळा डेटा तुटलेल्या फायबरकडे पाठवला जातो. स्टॅटिक रूट समोरच्याला 'आहेस का' असे कधी विचारत नाही. पलीकडच्या राउटरशी सतत बोलत राहणारे काहीतरी हवे होते, म्हणून ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवत राहण्याची पद्धत (रूटिंग प्रोटोकॉल).

ओएसपीएफच का

आरआयपी हा दुसरा रूटिंग प्रोटोकॉल फक्त हॉप, म्हणजे वाटेतले राउटर, मोजतो. फायबरने सांगली एक हॉप आणि टनेलनेही एकच हॉप. दोन्ही वाटा सारख्याच समजून तो डेटा दोन्हीकडे वाटतो, आणि गेलेला रूट बाद करायला मूळ टायमरप्रमाणे १८० सेकंद घेतो. बीजीपी (इंटरनेट कंपन्या आपसांत वापरतात तो प्रोटोकॉल) चालला असता, पण चार राउटरसाठी ती जास्तीची कटकट होते. ओएसपीएफमध्ये (आयपीव्ही४ साठीचे त्याचे मूळ मानक म्हणजे १९९८ ची आरएफसी २३२८) प्रत्येक लिंकला कॉस्ट देता येते (कमी कॉस्टची वाट निवडली जाते), दर १० सेकंदांनी हॅलो जातो आणि ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी (पलीकडचा राउटर) गेला असे धरले जाते.

एरिया (ओएसपीएफच्या जाळ्याचा विभाग) एकच, शून्य. चार राउटरच्या जाळ्यात दोन-तीन एरिया पाडायचा मोह पुस्तके वाचून होतो. इथे त्याने काहीच मिळत नाही, फक्त दुरुस्तीच्या वेळी डोके जास्त खाल्ले जाते.

पत्त्यांची आखणी

शाखेच्या क्रमांकाप्रमाणे लॅन: सांगली १०.४०.१.०/२४, कुपवाड १०.४०.२.०/२४, तासगाव १०.४०.३.०/२४, कवठेमहांकाळ १०.४०.४.०/२४. लूपबॅक (राउटरच्या आतला, केबलवर अवलंबून नसलेला इंटरफेस) १०.४०.२५५.१ ते १०.४०.२५५.४, आणि तेच राउटर आयडी. आयडी हाताने द्यावा. नाही दिला तर राउटर सर्वांत मोठा लूपबॅक पत्ता घेतो, लूपबॅक नसेल तर चालू इंटरफेसमधला सर्वांत मोठा. मग पुढे कोणी नवा इंटरफेस जोडला की रीबूटनंतर आयडी बदलू शकतो आणि जुन्या नोंदींशी ताळमेळ लागत नाही.

कवठेमहांकाळच्या फायबरला १०.४०.२५४.८/३०, टनेलला १०.४०.२५३.८/३०. सार्वजनिक पत्त्यांच्या जागी इथे उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते वापरले आहेत: सांगलीचा ब्लॉक २०३.०.११३.०/२९, त्यात राउटर २०३.०.११३.२. कवठेमहांकाळच्या ब्रॉडबँडचा ब्लॉक १९८.५१.१००.३२/३०, त्यात कंपनीचा गेटवे १९८.५१.१००.३३ आणि राउटर १९८.५१.१००.३४. शाखेतले इंटरनेट शाखेच्याच ब्रॉडबँडवरून जाते, म्हणजे डीफॉल्ट रूट स्टॅटिक आणि गेटवेकडे. ओएसपीएफचे काम फक्त आतल्या पत्त्यांपुरते.

पहिली मांडणी

पहिल्या फेरीत चारही राउटरवर ओएसपीएफ असे लावले गेले. कमांड इथे देवनागरीत आहेत, राउटरवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

राउटर ओएसपीएफ १
राउटर-आयडी १०.४०.२५५.४
पॅसिव्ह-इंटरफेस डीफॉल्ट
नो पॅसिव्ह-इंटरफेस गिगाबिटइथरनेट०/१
नो पॅसिव्ह-इंटरफेस टनेल०
नेटवर्क ०.०.०.० २५५.२५५.२५५.२५५ एरिया ०

गिगाबिटइथरनेट०/१ म्हणजे फायबर. ०/० वर ब्रॉडबँड, ०/२ वर लॅन. शेवटची ओळ लक्षात ठेवा. 'या राउटरवरचे सगळे इंटरफेस घे' असा तिचा अर्थ आणि या प्रकरणाचा सगळा घोळ तिच्यातून निघाला.

फायबरला कॉस्ट १०, टनेलला १००, दोन्ही हाताने. आपोआप कॉस्ट काढताना आयओएस १०० एमबीपीएसला आधार धरते, त्यामुळे १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस दोन्हींची कॉस्ट १ येते. आधार बदलायचाच असेल तर ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००० ही ओळ चारही राउटरवर सारखी हवी. कॉस्ट ही बाहेर जाणाऱ्या दिशेपुरती असते. शाखेत १०० लिहिले आणि सांगलीच्या टोकाला विसरले, तर जाताना डेटा एका वाटेने जातो आणि येताना दुसऱ्या. पिंगला काही फरक पडत नाही, पण मधे फायरवॉल असेल तर अर्धेच संभाषण दिसल्यामुळे तो सेशन तोडतो.

तासगाव आणि कुपवाडचे दोष

तासगावचा टनेल शेजारी म्हणून दिसायचा, पण एक्सस्टार्ट अवस्थेतच, म्हणजे डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होण्याआधीच, अडकायचा. सांगलीच्या टोकाला आयपी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४०० आणि तासगावला जीआरईचा मूळचा १४७६. हॅलो पॅकेटमध्ये एमटीयू नसतो, म्हणून ओळख होते. डेटाबेसचा सारांश देणाऱ्या पॅकेटमध्ये तो असतो आणि समोरचा आकडा स्वतःपेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट टाकून देतो. दोन्ही टोकांना आयपी एमटीयू १४०० आणि आयपी टीसीपी अॅडजस्ट-एमएसएस १३६० लावल्यावर सुटले. एमटीयू-इग्नोर ही कमांड सगळीकडे सुचवली जाते. इथे ती लावू नये. शेजारी फुल होतो (दोघांचा डेटाबेस पूर्ण जुळतो), पण मोठी पॅकेट वाटेत पडतात आणि काही दिवसांनी 'गेट पास निघतो पण स्टॉकचा रिपोर्ट उघडत नाही' अशी तक्रार येते.

कुपवाडला याच्या उलट. शेजारी फुल आणि टेबलात एकही रूट नाही. सांगलीच्या टोकाला नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट केला होता, कुपवाडला इथरनेटचा मूळचा ब्रॉडकास्ट तसाच राहिला होता. दोन्हींचे टायमर १० आणि ४० असेच, म्हणून हॅलो जुळतात. पण दोघे आपल्या नोंदीत लिंकचे वर्णन वेगवेगळे करतात, आणि वाट काढताना ते वर्णन जुळले नाही की समोरचा राउटर 'नॉट-रीचेबल' ठरतो. शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर यात तसे लिहूनच येते. दोनच टोके असलेल्या फायबरवर दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंटच ठेवावा. डीआरची (लिंकवरच्या मुख्य राउटरची) निवडणूक टळते आणि लाइन परत आल्यावर त्या निवडणुकीसाठीची ४० सेकंदांची वाट बघणेही वाचते.

कवठेमहांकाळ: दोन फुल शेजारी आणि तरीही बंद

इथे वरचा एकही दोष नव्हता. शो आयपी ओएसपीएफ नेबर म्हटले की सांगली दोनदा दिसायची, फायबरवरून फुल आणि टनेलवरून फुल. एवढे बघून काम झाले असे धरले गेले. पुढे फायबर तुटले तेव्हा शीतगृहातून एकच उत्तर: "येतंय-जातंय." काही सेकंद पिंग यायचे, मग बंद, थोड्या वेळाने परत काही सेकंद. ब्रॉडबँड खराब म्हणून तक्रार नोंदवली गेली. ब्रॉडबँडला काहीच झालेले नव्हते.

राउटरच्या लॉगमध्ये एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती: टीयूएन-५-रीकरडाउन. रीकर्सिव्ह रूटिंगमुळे टनेल तात्पुरता बंद केला, असे तिचे म्हणणे.

नेमके काय होत होते ते क्रमाने बघू. टनेलचे पॅकेट म्हणजे आतल्या पॅकेटवर चढवलेला बाहेरचा पत्ता आणि इथे तो २०३.०.११३.२. तो ब्रॉडबँडच्या गेटवेकडेच गेला पाहिजे. पण सांगलीच्या राउटरवर 'सगळे इंटरफेस घे' ही ओळ होती. त्यामुळे सांगलीचा इंटरनेटचा इंटरफेसही ओएसपीएफमध्ये आला आणि २०३.०.११३.०/२९ ची जाहिरात सगळ्या शाखांना झाली. तो इंटरफेस पॅसिव्ह होता म्हणून कोणाला शंका आली नाही. पॅसिव्हचा अर्थ 'इथून हॅलो पाठवू नको' एवढाच. त्या इंटरफेसचे नेटवर्क मात्र जाहीर होतच राहते.

मग कवठेमहांकाळच्या टेबलात २०३.०.११३.२ साठी दोन नोंदी लागू होतात: ब्रॉडबँडकडचा स्टॅटिक डीफॉल्ट आणि फायबरवरून ओएसपीएफने शिकलेला /२९. इथे बरेच जण अडतात. स्टॅटिकचा डिस्टन्स १ आणि ओएसपीएफचा ११०, मग स्टॅटिक का जिंकत नाही? कारण डिस्टन्सची तुलना एकाच प्रीफिक्सच्या (पत्त्यांच्या गटाच्या) दोन रूटमध्ये होते. ०.०.०.०/० आणि २०३.०.११३.०/२९ हे वेगळे प्रीफिक्स आहेत, दोन्ही टेबलात राहतात आणि पॅकेट पाठवताना जास्त नेमका तो जिंकतो. परिणाम असा की फायबर धडधाकट असताना टनेलही फायबरवरूनच धावत होता. उलट्या दिशेनेही तेच, कारण शाखेवरही तीच ओळ होती आणि शाखेचा ब्रॉडबँडचा /३० सांगलीला पोचत होता. फुल दिसणारे दोन शेजारी एकाच फायबरवर उभे होते.

फायबर तुटल्यावर ४० सेकंदांच्या आत दोन्ही शेजारी जातात, ओएसपीएफचे सगळे रूट टेबलातून निघतात, /२९ सुद्धा. उरतो डीफॉल्ट. आता टनेलची पॅकेट पहिल्यांदाच खरोखर ब्रॉडबँडवरून जातात, सांगली सापडते, शेजारी फुल होतो, पिंग येते. आणि त्याच फुल शेजाऱ्याकडून २०३.०.११३.०/२९ पुन्हा शिकला जातो, या वेळी टनेलमधून. म्हणजे टनेलच्या पलीकडच्या टोकाला जायची वाट टनेलमधूनच. राउटर हे ओळखतो, टनेल बंद करतो, शेजारी जातो, रूट जातो. मग टनेल पुन्हा उठतो आणि चक्र पहिल्यापासून सुरू होते. मधल्या काही सेकंदांत आलेली पिंग म्हणजेच 'येतंय-जातंय'.

हा दोष फायबर चालू असतानाही एका कमांडने सापडतो. शाखेच्या राउटरवर शो आयपी रूट २०३.०.११३.२ विचारायचे. उत्तरात स्टॅटिक आणि ब्रॉडबँडचा गेटवे दिसला तर ठीक. 'नोन व्हाया ओएसपीएफ १' आले, तर बॅकअप आज कितीही हिरवा दिसत असला तरी तो बॅकअप नाही.

दुरुस्ती

दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही लागतात. पहिली, ओएसपीएफ कुठे बोलणार हे इंटरफेसवर जाऊन नावानिशी सांगितले. लूपबॅक, लॅन, फायबर आणि टनेल या चौघांवरच

आयपी ओएसपीएफ १ एरिया ०

ही ओळ घातली, मग

नो नेटवर्क ०.०.०.० २५५.२५५.२५५.२५५ एरिया ०

क्रम महत्त्वाचा. इंटरफेसवरची ओळ नेटवर्क ओळीपेक्षा वरचढ असते. म्हणून ती आधी घालून नंतर जुनी काढली तर शेजारी तुटत नाहीत. उलटे केले तर मधे सगळे बंद. नंतर शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ बघायचे. त्या यादीत इंटरनेटचा इंटरफेस नसलाच पाहिजे. हे सांगलीसह चारही राउटरवर.

दुसरी, टनेलच्या टोकासाठी होस्ट रूट, म्हणजे एकाच पत्त्यापुरता (/३२) रूट. कवठेमहांकाळला:

आयपी रूट २०३.०.११३.२ २५५.२५५.२५५.२५५ १९८.५१.१००.३३

आणि सांगलीत प्रत्येक शाखेच्या सार्वजनिक पत्त्यासाठी तसाच, सांगलीच्या गेटवेकडे. /३२ पेक्षा नेमके काही नसते. पुढे कोणी घाईत ती 'सगळे इंटरफेस' ओळ परत घातली किंवा स्टॅटिक रूट ओएसपीएफमध्ये सोडले, तरी टनेलची वाट हलणार नाही. ब्रॉडबँड पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डच्या लॉगिनवर) असेल तर गेटवेच्या पत्त्याऐवजी डायलर इंटरफेसचे नाव द्यावे, कारण तिथे गेटवे बदलू शकतो.

इंटरनेटचा इंटरफेस वेगळ्या व्हीआरएफमध्ये (त्याच राउटरमधल्या स्वतंत्र रूटिंग टेबलात) टाकून टनेलला ती व्हीआरएफ सांगणे हा याहून भक्कम मार्ग आहे. मग आतले आणि बाहेरचे टेबलच वेगळे होते. इथे तो घेतला नाही, कारण शाखेतले इंटरनेट त्याच ब्रॉडबँडवरून जाते आणि दोन टेबलांमधून नॅट (आतल्या पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर) करत बसणे पेढीच्या माणसांना सांभाळता आले नसते. शाखा वाढल्या तर मात्र तिकडेच जावे.

बदल कोणत्या क्रमाने

जुने स्टॅटिक रूट आधी काढले नाहीत. ओएसपीएफ त्यांच्या शेजारी उभा केला, डेटाबेसमध्ये चारही राउटरच्या नोंदी आल्या का ते पाहिले, मग एकेका शाखेचे आतल्या लॅनचे स्टॅटिक रूट २०० डिस्टन्सवर नेले. डिस्टन्स १ चा रूट टेबलात असेपर्यंत त्याच प्रीफिक्सचा ओएसपीएफ रूट आत येऊच शकत नाही, म्हणून रनिंग-कॉन्फिगमध्ये जुनी ओळ उरली नाही ना हे डोळ्यांनी बघावे.

काम रात्री, लांबच्या शाखेपासून सुरुवात. प्रत्येक राउटरवर हात घालण्याआधी चालू कॉन्फिग सेव्ह करून रीलोड इन १० दिले. काही चुकून संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर परत येतो, गाडी काढून कवठेमहांकाळला पळावे लागत नाही. सगळे नीट दिसले की रीलोड कॅन्सल आणि मगच सेव्ह. आधी सेव्ह केले तर या सोयीचा काही उपयोग राहत नाही.

चाचणी

राउटरमधली केबल उपसणे ही चाचणी पुरेशी नाही. त्याने इंटरफेस 'डाउन' होतो. प्रत्यक्षात तुटते ते मधले फायबर, आणि तेव्हा इंटरफेस 'अप' राहतो. म्हणून सांगलीच्या टोकाला मीडिया कन्व्हर्टरमधून फायबरची पॅच कॉर्ड काढली, शाखेच्या टोकाला कोणी हात लावला नाही. आणि ती १५ मिनिटे बाहेर ठेवली. ३० सेकंदांची चाचणी वरच्या चक्रातल्या चांगल्या क्षणी येऊन संपू शकते. त्या १५ मिनिटांत शाखेतून सर्व्हरला सलग पिंग, शिवाय १३०० बाइटचे 'डू नॉट फ्रॅगमेंट' पिंग, आणि एक खरा गेट पास छापून पाहणे. पॅच कॉर्ड परत लावताना टोक पुसून लावावे.

वेळ कमी करणे

मूळ टायमरने वाट बदलायला ४० सेकंद लागतात. काट्यावर गाडी असताना तेवढ्यात सॉफ्टवेअर सेशन सोडून देते. फायबरवर बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते झटपट तपासणारा प्रोटोकॉल) लावला:

बीएफडी इंटरव्हल ३०० मिन_आरएक्स ३०० मल्टिप्लायर ३
आयपी ओएसपीएफ बीएफडी

३०० मिलिसेकंदांची तीन पॅकेट चुकली की लिंक गेली, म्हणजे एका सेकंदाच्या आत. टनेलवर बीएफडी लावला नाही. ब्रॉडबँडवर संध्याकाळी थोडी पॅकेट गळतात आणि एवढ्या कडक मोजणीत टनेल विनाकारण पडत-उठत राहील. तिथे १० आणि ४० च बरे. बीएफडी ऑल-इंटरफेसेस ही सोपी ओळ म्हणूनच टाळली.

फायबरच्या शेजाऱ्यांवर पासवर्ड हवाच, कारण ती लाइन ऑपरेटरच्या स्विचमधून जाते. जुन्या आयओएसवर एमडी५, नव्यावर की-चेन आणि एचएमएसी-एसएचए-२५६. की पेस्ट करताना शेवटी एक स्पेस आली तरी ती कीचा भाग धरली जाते आणि शेजारी जुळत नाहीत.

राउटरबाहेरचे

मीडिया कन्व्हर्टरवर फायबर गेले की तांब्याची बाजूही पाडण्याची सोय असेल तर दोन्ही टोकांना चालू करावी. बरेचदा ती बाजूच्या छोट्या डीआयपी स्विचवर असते. तासगावला कन्व्हर्टरचा अॅडॉप्टर यूपीएसबाहेरच्या सॉकेटमध्ये सापडला. लाइट गेली की राउटर चालू आणि फायबर बंद. सॉकेट बदलले.

उरला तो वायरींचा रस्ता. सांगलीत फायबर आणि ब्रॉडबँड वेगळ्या कंपन्यांचे असले तरी मार्केट यार्डात शिरताना दोन्ही केबल एकाच खांबावरून येतात. तो खांब पडला तर वरची एकही कमांड कामाची नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सर्व्हर आणि राउटरचे रॅक पहिल्या मजल्यावर हलवून झाले आहे. ब्रॉडबँडची केबल दुसऱ्या बाजूने आणायची मागणी कंपनीकडे दिली असून ती येईपर्यंत सांगलीच्या टोकाला एकच वाट आहे असे धरूनच सौद्याच्या दिवसांचे नियोजन होते: आदल्या संध्याकाळी चारही ठिकाणची स्टॉकची यादी छापून ठेवली जाते आणि गेट पासची कोरी पुस्तके शीतगृहात असतात.